इशाऱ्याच्या टेकडीवर खणल्यावर काय सापडते

यॉर्क, इंग्लंड
मार्चअखेर

ती. आजोबांस मृण्मयीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले. शत्रू येताना दिसला की टेकडीवर जाळ पेटवायचा, एवढेच जिथे घडत होते, तिथे खणून तुम्हा पुरातत्त्ववाल्यांना राखेवाचून काय मिळणार, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे आणि फोनवर दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सरळ उत्तर असे की, राखसुद्धा बहुधा मिळत नाही. मिळतात त्या जाळाची वेळ येईल म्हणून तिथे थांबून राहिलेल्या माणसांच्या खुणा: त्यांची चूल, त्यांची मडकी, निवाऱ्याच्या भिंती, त्यांनी टाकून दिलेला कचरा. इशाऱ्याचा जाळ एखाद्या रात्रीचा, तोही कित्येक वर्षांतून एकदा. पहारा मात्र रोजचा, उन्हापावसातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. जमिनीत मुरतो तो पहारा. या विषयात मी गेल्यापासून माझ्या मनात हीच गोष्ट घट्ट बसली आहे आणि पुढचे सगळे मी तिच्या अनुषंगानेच लिहिणार आहे.

आधी राख का उरत नाही ते सांगते. इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत, उंचावर लाकडांचे ढीग रचून ठेवत आणि गरज पडली की ते पेटवत. त्याच्या कारकिर्दीत या ढिगांऐवजी उंच खांबावर राळेने भरलेले भांडे बसवण्याची पद्धत सुरू झाल्याचे जुन्या कायदेपंडितांनी नोंदवले आहे. पुढे खांबाला पायऱ्यांसारख्या खुंट्या आणि वर लोखंडी टोपली, असा त्याचा घाट रूढ झाला. जाळ जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्याही कितीतरी वर असल्यामुळे खालची माती भाजत नाही. ठिणग्या आणि कोळसे पडतात तेही उघड्या माथ्यावरचा वारा आणि पाऊस काही महिन्यांत विखरून टाकतात. टेकडीच्या माथ्यावर मातीचा थर मुळातच पातळ असतो, आणि इथल्या उंच माळरानांवर ती माती इतकी आम्ल असते की तिच्यात हाडेही विरघळून जातात. लोखंडी टोपली मौल्यवान असल्यामुळे कोणी ना कोणी ती काढून नेलेली असते आणि खांब कुजून गेलेला असतो. शिल्लक राहतो तो खांबाचा खड्डा, त्याच्या बुडाशी ठोकून बसवलेले दगड, आणि नशीब असेल तर खांब रोवण्यासाठी घातलेला मातीचा लहानसा उंचवटा.

उंचवटा दिसला तरी तो इशाऱ्यासाठीच घातलेला होता असे लगेच म्हणता येत नाही. ज्या माथ्यावरून दूरवर दिसते तो माथा माणसांना नेहमीच हवासा वाटत आला आहे. नैऋत्य इंग्लंडच्या एक्समूर माळरानातल्या डंकरी बीकन (बीकन म्हणजे इशाऱ्याचा जाळ) या ५१९ मीटर उंचीच्या टेकडीवर कांस्ययुगातले दगडांचे ढिगारे आहेत. ते मृतांसाठी रचलेले होते, आणि इशाऱ्याचा जाळ ही त्या माथ्याच्या आयुष्यातली फार उशिराची घटना. अनेक ठिकाणी तर जुन्या दफनाच्या ढिगाऱ्यावरच नंतर खांब रोवला गेला, कारण आयती उंची मिळत होती. त्यामुळे त्या ढिगाऱ्यात कोळसा सापडला तर तो चितेचा, मेंढपाळाच्या शेकोटीचा, की इशाऱ्याच्या जाळाचा, हे ठरवण्यात आमचा बराच वेळ जातो.

यात आणखी एक अडचण अलीकडच्या काळाने घातली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० आणि ६० वर्षे झाली तेव्हा, १८८७ आणि १८९७ साली, देशभरच्या उंच टेकड्यांवर मोठमोठ्या होळ्या पेटवल्या गेल्या. १९८८ साली स्पॅनिश आरमाराच्या स्वारीला ४०० वर्षे झाली म्हणून पुन्हा त्याच माथ्यांवर जाळ झाले, आणि २०२२ सालीही दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाच्या ७० व्या वर्षानिमित्त ते झाले. या उत्सवाच्या होळ्या थेट जमिनीवर रचलेल्या असत, त्यामुळे खालची माती लालभडक भाजलेली मिळते. थोडक्यात, माथ्यावर जळल्याचा ठसठशीत पुरावा मिळाला तर तो उत्सवाचा असण्याची शक्यता अधिक, आणि ज्या रात्री खरोखर जीव मुठीत धरून कोणी जाळ लावला त्या रात्रीची खूण बहुतेक पुसलेली. मला हे फार चटका लावते. कार्बन कालमापनही इथे मर्यादितच उपयोगी पडते, कारण साधारण १६५० नंतरच्या कोळशाचे वय त्या पद्धतीने नेमके सांगता येत नाही, आणि जुन्या झाडाच्या गाभ्यातले लाकूड जाळले असेल तर कोळसा जाळापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुना निघू शकतो. भाजलेली माती जागची हललेली नसेल तर तिच्यातले लोहकण थंड होतानाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसलेले असतात आणि त्यावरून काळ काढता येतो. पण त्यासाठी माती आधी पुरेशी भाजलेली हवी.

म्हणूनच अशा टेकडीवर पहिल्याच दिवशी कोणी कुदळ उचलत नाही. आधी माथ्याचा बारीक चढउतार मोजून नकाशा केला जातो, मग चुंबकमापक यंत्र हातात धरून ठरावीक अंतराच्या ओळींनी सगळा माथा पायाखाली घातला जातो. जमिनीखाली भाजलेली माती, भरून गेलेला खड्डा किंवा चर असेल तिथे यंत्राचे आकडे बदलतात, आणि त्या आकड्यांवरून केलेल्या चित्रात कधी एखादे वर्तुळ, कधी एखादी चौकट उमटते. त्यानंतरच एक-दोन लहान चर खणायचे. सगळा माथा उघडा करण्याचा मोह होतो, पण उत्खनन म्हणजे पुरावा कायमचा उलगडून टाकणे असल्यामुळे, उद्याच्या अधिक चांगल्या साधनांसाठी बराचसा भाग न खणता ठेवणे मला योग्य वाटते.

या जागांचा आणखी एक विशेष असा की एकटी जागा अर्थहीन असते. किल्ला एकटा उभा राहू शकतो. इशाऱ्याची टेकडी मात्र पुढची टेकडी तिला पाहते म्हणूनच इशाऱ्याची. विल्यम लॅम्बार्ड नावाच्या गृहस्थाने १५८५ च्या सुमारास केंट परगण्यातल्या अशा टेकड्यांचा नकाशा काढला होता. त्यात किनाऱ्यापासून आतपर्यंतचे जाळ दाखवून कोणता जाळ कुठून दिसतो त्याच्या सरळ रेघा ओढल्या आहेत. एखाद्या गावाला जाळ दिसला की रेघेवरून धोका कोणत्या बाजूने येतो आहे ते कळावे, लोकांनी भलत्या दिशेला धावत सुटू नये, असा त्याचा हेतू होता. आज त्याच रेघा आम्ही संगणकावर जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवरून पुन्हा ओढून पाहतो. १०० मीटर उंचीवरून सपाट प्रदेशातले किंवा समुद्रावरचे क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते, ४०० मीटरवरून सुमारे ७१ किलोमीटरवर. पण हे हिशेब स्वच्छ हवेचे. धुके, पाऊस, मधली झाडी यांनी ते कोसळतात. सर्वांत उंच शिखर निवडले नाही याचे नवल वाटते तिथे बहुधा कारण हेच असते की ते शिखर ढगात बुडालेले असते, आणि शिवाय तिथे रोज सरपण आणि माणसे चढवायची कोणी. खालच्या गावातून पहारेकऱ्याला चढून जाता येईल आणि तिथून पुढचा जाळ दिसेल, असा मधलाच एखादा खांदा पुष्कळदा निवडलेला दिसतो. संगणकाने काढलेली रेघ ही केवळ शक्यता असते, हेही इथे लिहून ठेवायला हवे. दोन माथे एकमेकांना दिसतात एवढ्यावरून त्यांच्यामध्ये खबर जात होती असे सिद्ध होत नाही, आणि कधीकधी आमच्याच लेखनात हा फरक निसटलेला मला दिसतो.

आता मी जिथे वारंवार जाते त्या जागांबद्दल. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर रोमन अमलाच्या शेवटच्या काळात, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, समुद्राच्या कड्यांवर टेहळणीच्या चौक्या बांधलेल्या होत्या. हंटक्लिफ, गोल्ड्सबरो, रेव्हन्सकार, स्कारबरो आणि फाइली या पाच ठिकाणांची माहिती आहे. सगळ्यांचा घाट जवळजवळ एकच: मधोमध भक्कम चौकोनी बुरूज, त्याभोवती अंगण, अंगणाला भिंत, भिंतीच्या कोपऱ्यांना पुढे आलेले बुरूज, आणि त्याबाहेर खंदक. रेव्हन्सकारला १७७४ साली पाया खणताना एक कोरीव शिळा निघाली. जस्टिनियानस हा अधिकारी आणि विन्डिकियानस हा त्याच्या हाताखालचा मुकादम यांनी हा बुरूज आणि गढी पायापासून बांधली, असे तीवर लॅटिनमध्ये लिहिलेले आहे. ती शिळा आता व्हिटबीच्या संग्रहालयात आहे. अक्षरे ओबडधोबड आहेत, कोरणाऱ्याचा हात सराईत नव्हता, पण दोन माणसांची नावे सोळाशे वर्षांनंतर वाचता येतात.

या चौक्यांना पूर्वीपासून संकेताच्या चौक्या म्हणत आले आहेत. बुरुजाच्या माथ्यावर जाळ पेटवून आतल्या छावण्यांना सावध करत असावेत, असा तर्क त्यामागे होता. परंतु आतल्या भागात खबर घेणारी साखळी अजून कोणाला दाखवता आलेली नाही, आणि बुरुजाचा माथा तर कधीच ढासळून गेल्यामुळे तिथे जाळ होता की नव्हता हे उत्खननाला सांगता येणे शक्य नाही. समुद्रावर नजर ठेवून आपल्या गलबतांना सावध करणे हेही त्यांचे काम असू शकेल. त्याच सुमाराच्या व्हेजिशियस या रोमन लेखकाने ब्रिटनच्या समुद्रातल्या हेरगिरीच्या होड्यांचे वर्णन केले आहे, ज्यांची शिडे, दोर आणि खलाशांचे कपडेसुद्धा लाटांच्या रंगात रंगवलेले असत. मला स्वतःला वाटते की कड्यावरचा पहारा आणि पाण्यावरची ही होडी मिळून एकच व्यवस्था असावी, पण हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

पुराव्याने काय दिले ते पाहा. हंटक्लिफला इतकी खापरे मिळाली की चौथ्या शतकाच्या अखेरच्या एका जातीच्या मडक्यांना पुरातत्त्वात त्याच जागेचे नाव पडले. चुनखडीचे खडे घातलेल्या मातीची, जाड, काळपट, स्वयंपाकाची ती मडकी आहेत. उत्तर इंग्लंडमध्ये कुठेही ती निघाली की खणणाऱ्याला कळते, आपण रोमन काळाच्या शेवटच्या टप्प्यात आहोत. ज्या जागेचे अस्तित्व शत्रूची गलबते पाहण्यासाठी होते, तिने आमच्या शास्त्राला दिलेली मोठी देणगी म्हणजे एक रांधायचे मडके आहे. आजोबा, तुमच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

फाइलीला बुरुजाच्या आतले लाकडी खांब पेलणारे दगडी पाये १८५७ साली कडा कोसळल्यावर उघडे पडले. त्यातल्या एका दगडावर हरणामागे धावणारा कुत्रा कोरलेला आहे. जाणकार त्याचे वेगवेगळे अर्थ लावतात. मला मात्र त्यात समुद्राकडे बघून डोळे शिणलेल्या कोणा शिपायाचा रिकामा वेळ दिसतो. गोल्ड्सबरोला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात बुरुजाच्या आत दोन पुरुषांचे सांगाडे आणि एका मोठ्या कुत्र्याचा सांगाडा मिळाला. हंटक्लिफच्या विहिरीत पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून चौदा जणांची हाडे होती. खणणाऱ्यांनी त्यावरून शेवटच्या हल्ल्याचे मोठे थरारक चित्र रंगवले. हल्ला झालाच नसेल असे मी म्हणत नाही, पण विहिरीत हाडे कधी आणि कशी आली याची आजच्या पद्धतीने नोंद तेव्हा झाली नव्हती. माझ्या दृष्टीने त्या विहिरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे स्त्रिया आणि मुले होती. चौकी म्हणजे फक्त शिपायांची पाळी असे आपण धरून चालतो. ती कोणाचे तरी घर किंवा अखेरचा आसराही असू शकते, हे त्या हाडांनी दाखवले.

स्कारबरोची चौकी आता मध्ययुगीन किल्ल्याच्या आवारात आहे. १९२० च्या दशकात ती खणली गेली. तिच्या बुरुजाच्या अवशेषांवर इ. स. १००० च्या सुमारास एक प्रार्थनामंदिर उभे राहिले, आणि समुद्राकडचा भाग कड्याबरोबर खाली गेला आहे. तिथे उभे राहिले की खंदकाची रेघ पुढे जाता जाता एकदम हवेत संपते.

जाळाचीच खूण सापडल्याचे उदाहरण नाहीच असे मात्र समजू नका. डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावर मार्टिनहो नावाची रोमन लष्कराची एक लहान गढी आहे, पहिल्या शतकातली. समोर वेल्सचा किनारा, जिथल्या टोळ्यांशी रोमनांची लढाई चालू होती. १९६० च्या दशकातल्या उत्खननात गढीच्या बाहेर, कड्याच्या बाजूला, जाळ पेटवल्याच्या जागा आढळल्या. पण तिथेही जाळाच्या खुणांपेक्षा शिपायांच्या लाकडी बराकी, भट्ट्या आणि वापरातल्या वस्तू यांनीच अधिक सांगितले.

सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, या व्यवस्थेचा पुन्हा जोर झाला. १५८८ च्या जुलैमध्ये कॉर्नवॉलच्या लिझर्ड टोकाजवळ स्पॅनिश आरमार दिसले आणि किनाऱ्यावरून एकामागून एक टेकड्या पेटत गेल्या. तो प्रसंग इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतो. त्या मागची वर्षानुवर्षांची तयारी कोणाला फारशी ठाऊक नसते. कोणत्या गावाने किती माणसे पुरवायची, सरपण कोणी वाहायचे, पहाऱ्याला कोण चुकला, याच्या नोंदी गावोगावच्या दप्तरांत आहेत. किनाऱ्यावरच्या जागी अनेकदा दोन किंवा तीन खांब असत, म्हणजे नुसती गलबते दिसली की एक, शत्रू उतरू लागला की अधिक, असे सांगता येई. आतल्या टेकड्यांवर एकच असे. म्हणून खांबाचे खड्डे किती आहेत हे मोजणे आमच्यासाठी किरकोळ काम नाही.

त्या काळच्या एका हुकमात पहारेकऱ्यांच्या झोपडीविषयी लिहिले आहे की, तिच्यात बसायला जागा ठेवू नये, पहारेकऱ्याला झोप लागता कामा नये. नुसते उभे राहता यावे आणि जाळाच्या दिशेला एक भोक असावे. हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ दुसरे काही सुचले नाही. थंडीच्या रात्री, उघड्या माथ्यावर, ज्याला बसायचीही मुभा नाही असा माणूस समोरच्या टेकडीकडे पाहत उभा आहे, आणि जे घडायला नको त्याचीच तो वाट पाहतो आहे. डेव्हनमधल्या कल्मस्टॉक बीकनवर तशी एक दगडी खोपी अजून उभी आहे. गोल, घुमटाकार, वर खांबासाठी भोक ठेवलेली. एकोणिसाव्या शतकात तिची डागडुजी झाली आहे, त्यामुळे प्रत्येक दगड मूळचा समजू नये. तरी पहारेकऱ्याला केवढी जागा मिळत असे ते आत गेल्यावर अंगाला कळते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले तो सांगते. इंग्लंडच्या पद्धतीत अंधार म्हणजे खुशाली. जाळ दिसला नाही याचा अर्थ शत्रू आला नाही असा घ्यायचा. पण पहारेकरी झोपला असेल, मेला असेल, सरपण भिजले असेल, तरीही अंधारच दिसणार. खुशाली आणि अनर्थ दोन्ही सारखेच दिसावेत हा त्या पद्धतीतला मूळ दोष होता. पूर्वेकडे याचा विचार फार आधी झालेला दिसतो. चीनमध्ये तांग राजवटीत चौकीचौकीवरून ठरल्या वेळी खुशालीचा जाळ पुढे जात राजधानीपर्यंत पोहोचत असे. ७५६ साली बंडखोरांनी तोंगग्वान ही खिंड जिंकली, त्या संध्याकाळी हा जाळ आला नाही, आणि सम्राटाला प्रथमच भीती वाटली, असे इतिहासात नोंदलेले आहे. न पेटलेल्या जाळाने खबर दिली.

कोरियात जोसन राजवटीतही असेच होते. पाच वाटांनी येणारे जाळ सोलमधल्या नामसान टेकडीवर मिळत. एक जाळ म्हणजे सर्व क्षेम. शत्रू दिसला की दोन, जवळ आला की तीन, सीमा ओलांडली की चार, आणि लढाई जुंपली की पाच. दिवसा धूर, रात्री ज्वाळा. त्यासाठी एका रांगेत पाच धुरांडी बांधत. सुवोन शहराच्या तटावर १७९६ साली बांधलेली विटांची अशी पाच धुरांडी आजही पाहायला मिळतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. जिथे रोज जाळ करायचा तिथे पक्के बांधकाम लागते, भाजलेले दगड आणि राखेचे थर साठतात, सरपणाचे कोठार आणि माणसांची घरे लागतात. आणि म्हणून कोरियातल्या टेकड्या खणणाऱ्याला जे भरभरून देतात ते इंग्लंडच्या टेकड्या देऊ शकत नाहीत. खबर देण्याची पद्धत कोणती होती, यावर जमिनीत काय उरेल हे ठरते. इंग्लंडमधल्या रिकाम्या माथ्याकडे पाहून इथे काहीच नव्हते असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

चीनच्या वाळवंटात तर हवा कोरडी असल्यामुळे सारेच टिकले आहे. दुनहुआंगजवळ हान काळातल्या चौक्यांशेजारी जाळण्यासाठी रचून ठेवलेल्या बोरूच्या मोळ्यांचे ढीग दोन हजार वर्षे तसेच उभे आहेत. जाळायला ठेवले आणि कधी जाळावे लागले नाही. जूयान भागात १९७४ साली सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवर तर संकेतांची नियमावलीच आहे: शत्रू किती, दिवस की रात्र, आणि त्यानुसार ध्वज, धूर, मशाली किंवा मोळ्यांचे ढीग यांपैकी काय वापरायचे. शिनजियांगमधल्या युली तालुक्यात तांग काळातल्या एका चौकीचे उत्खनन २०१९ पासून झाले. तिथे वाळूच्या टेकाडावरचा बुरूज, शिपायांची राहण्याची जागा आणि शेजारचा उकिरडा यांतून कागदपत्रे आणि लाकडी पट्ट्या मिळून ८०० हून अधिक लेख बाहेर आले. त्यात शेजारच्या चौकीशी रोज अदलाबदल करायच्या पट्ट्याही आहेत, म्हणजे दोन्हीकडचे पहारेकरी जागेवर आहेत याची खात्री हातोहात होत असे. बुरुजाने स्वतःबद्दल जेवढे सांगितले त्याच्या अनेक पटींनी त्या उकिरड्याने सांगितले.

इतकी काळजी घेऊनही व्यवस्था फसत असे, हेही सांगायला हवे. १५९२ साली जपानी फौजा बुसानला उतरल्या तेव्हा सोलला खबर पोहोचली ती काही दिवसांनी आणि निरोप्यांकडून. त्यानंतर १५९७ मध्ये कोरियाने निरोप्यांची टप्प्याटप्प्याची डाक उभारली. उलट १८०४ साली, नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीत, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ह्यूम किल्ल्यावरील पहारेकऱ्याने लोणारी कोळशाच्या भट्ट्यांचा उजेड हा शत्रूचा इशारा समजून जाळ लावला आणि सगळा सीमाप्रदेश रातोरात शस्त्रे घेऊन बाहेर पडला. त्या पहारेकऱ्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. उशीर करण्यापेक्षा चुकणे बरे, असेच त्याने ठरवले असणार. आणि हजारो माणसे खरोखर धावून आली, त्याअर्थी साखळी जिवंत होती.

सध्या माझी सगळी चिंता यॉर्कशरच्या किनाऱ्याची आहे. हंटक्लिफची चौकी समुद्राने जवळजवळ गिळली आहे. फाइलीला कडा ढासळत चालल्यामुळेच १९९३-९४ साली उरलेला भाग घाईने खणून नोंदवावा लागला. स्कारबरोलाही कडा मागे सरकतो आहे. डोंगरावरच्या जागा वाऱ्यापावसाने झिजतात, पण निदान थांबतात. कड्यावरच्या जागा थांबत नाहीत. न खणता ठेवावे असे मी वर लिहिले ते या जागांना लागू होत नाही, इथे खणणे हेच जपणे आहे. येत्या उन्हाळ्यात किनाऱ्याच्या सर्वेक्षणात काम करण्यासाठी मी अर्ज केला आहे. कड्याचा काठ दर वर्षी कुठे होता ते मोजत जायचे आणि काठाच्या आत काय शिल्लक आहे ते यंत्राने पाहून ठेवायचे, असे ते काम आहे.

लॅम्बार्डच्या नकाशाची एक प्रत मी टपालाने वेगळी पाठवत आहे. भिंग घेऊन पाहा, आणि रेघा कुठे एकत्र येतात ते मला लिहून कळवा. त्या ठिकाणांबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आजीला साष्टांग नमस्कार, आईबाबांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. प्रकृतीला जपावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची नात,
मृण्मयी